आंबोळीचे पीठ आणि तीस अंश

आंबोळीसाठी तांदूळ, उडदाची डाळ आणि चमचाभर मेथी भिजत घालावी, बारीक वाटावी आणि पीठ रात्रभर झाकून ठेवावे, असे जवळजवळ प्रत्येक पाककृतीत लिहिलेले असते. पीठ किती वेळ ठेवायचे हे त्यातून कळते, पण त्या वेळात ते किती तापमानाला असले पाहिजे याचा उल्लेख सहसा कुठेच नसतो. गोरेगावच्या आमच्या घरात मे महिन्यात रात्री दहाला ठेवलेले पीठ पहाटे चारलाच भांड्याबाहेर येते आणि नाश्त्याच्या वेळेपर्यंत आंबट होते. जानेवारीच्या मध्यावर तेच पीठ सकाळी सातला जसेच्या तसे खाली बसलेले असते आणि आंबोळीला जाळी पडत नाही. प्रमाण तेच, डाळ त्याच दुकानातली आणि वाटणारे हातही तेच असताना बदलते ते तापमान. ते मोजून धरून ठेवता येते का, हे पाहण्यासाठी मी एका पावसाळ्यात सुरू केलेले काम पुढे वर्षभर चालले, आणि त्याचा हा वृत्तांत आहे.

मुंबईला थंडी नसते, असे आपण सहज म्हणतो. पण सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सिअस इतके किमान तापमान नोंदले गेले आहे, आणि आजही जानेवारीच्या काही रात्री उपनगरात पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. कुलाब्याची वेधशाळा समुद्राच्या कुशीत असल्यामुळे हिवाळ्यात तिथले रात्रीचे तापमान सांताक्रूझपेक्षा बहुधा दोन-तीन अंशांनी जास्त असते. एकाच शहरातल्या दोन अधिकृत नोंदींमध्ये इतका फरक पडत असेल, तर गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या मावशीचे पीठ आणि आरे कॉलनीच्या बाजूला राहणाऱ्या भाचीचे पीठ एकाच वेळी तयार होईल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. मावशी भाचीला फोनवर जे सांगते ते मावशीच्या घरापुरते अगदी बरोबर असते.

मी नोकरीने सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातला आहे आणि हौसेने इलेक्ट्रॉनिक्सचा. सुट्टीच्या दिवशी लोकलने शहराच्या जुन्या बाजारांत हिंडणे, तिथून काहीतरी सुटे भाग घेऊन येणे आणि घरी येऊन स्वयंपाकघरात आईला मदत करणे या तीन गोष्टींत माझा बहुतेक मोकळा वेळ जातो. या तिन्ही आवडी वेगवेगळ्या आहेत असे मला कधी वाटले नाही. प्रत्येकीत एखादी वस्तू हातात घेऊन ती कशी चालते हे समजून घेण्याचाच आनंद आहे. आई मूळची कुडाळकडची असल्यामुळे आमच्याकडे आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांचे सांबारे हा रविवारचा ठरलेला नाश्ता असतो, आणि त्यासाठी लागणारा सुरय तांदूळ अजूनही गावाहून येतो. इतक्या लांबून आलेला तांदूळ थंडीमुळे वाया जावा, हे तिला आणि मलाही मनापासून खटकत होते.

घरात नेमके काय घडते हे आधी पाहावे आणि मगच काही बनवावे, असे मी ठरवले. तापमान मोजण्यासाठी डीएस१८बी२० हा सेन्सर निवडला. मूळ डॅलस सेमिकंडक्टर या कंपनीचा हा भाग हौशी मंडळींमध्ये फार लोकप्रिय आहे, आणि त्याला कारण आहे. प्रत्येक सेन्सरला कारखान्यातच ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो, त्यामुळे एकाच तारेवर अनेक सेन्सर जोडले तरी कोणते माप कोणाचे हे ओळखता येते. उणे १० ते ८५ अंशांच्या टप्प्यात त्याची अचूकता अर्ध्या अंशाच्या आत असते, आणि माझ्या कामाला तेवढी पुरेशी होती. वाचन घेऊन ते वायफायवरून पाठवण्यासाठी ईएसपी३२ हा बोर्ड, आणि सगळ्या नोंदी साठवून आलेख दाखवण्यासाठी घरी आधीपासून चालू असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरची होम असिस्टंट ही प्रणाली, असा बेत ठरला.

हे भाग घरबसल्या मागवता येतात, तरी मी लॅमिंग्टन रोडलाच जातो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला होते. आज त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी जुनेच नाव बसलेले आहे. गोरेगावहून चर्चगेटची स्लो गाडी थेट ग्रँट रोडला नेते. घाई असेल तर फास्ट पकडून मुंबई सेंट्रलला पुन्हा स्लो घ्यावी लागते, कारण फास्ट गाडी ग्रँट रोडला थांबत नाही. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारची सकाळ उत्तम. दुपारनंतर गल्ल्यांमध्ये उभे राहायला जागा उरत नाही.

तिथली लहान दुकाने पाहण्यासारखी आहेत. काउंटरची रुंदी जेमतेम एका माणसाएवढी, आणि त्यामागे भिंतभर प्लास्टिकच्या छोट्या खणांची रांग. प्रत्येक खणावर चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेला क्रमांक. गिऱ्हाईक क्रमांक सांगते आणि दुकानदार वर न पाहता नेमका तोच खण ओढतो. मी सेन्सर मागितला तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने लगेच विचारले, “साधा पाहिजे की प्रोबवाला? प्रोबवाला वॉटरप्रूफ आहे, एक मीटरची केबल येते.” मी पिठाचे काम सांगितल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, “मग पिठात बुडवू नका साहेब. नळी स्टीलची आहे, पण केबल आणि सील खाण्याच्या वस्तूसाठी बनवलेलं नसतं.” हा सल्ला मला फार मोलाचा वाटला, आणि पुढची सगळी रचना मी त्यावरच बेतली. त्याच्याकडून प्रोबचे, म्हणजे स्टीलच्या नळीत बसवलेले, सेन्सर, ४.७ किलोओहमचे रेझिस्टर, वीज चालू-बंद करणारे एक मॉस्फेट मॉड्यूल, बारा व्होल्टचा छोटा पंखा आणि ७३ अंशांना तुटणारा थर्मल फ्यूज घेतला. सिलिकॉनचे वीस वॅटचे हीटिंग पॅड पलीकडच्या गल्लीत मिळाले.

या सेन्सरच्या नकला बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे घरी आल्यावर पहिले काम ते तपासण्याचे होते. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा घट्ट भरायचा, त्यात फटी बुजतील इतकेच थंड पाणी घालायचे, ढवळायचे आणि सगळे प्रोब एकत्र बांधून मधोमध ठेवायचे. काही मिनिटांनी सर्वांनी शून्य दाखवले पाहिजे. दुसरे टोक उकळत्या पाण्याचे, आणि ते तपासण्यासाठी मुंबई फार सोयीची आहे, कारण समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांना उकळते. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते आणि तेवढी दुरुस्ती करावी लागते. एका प्रोबने बर्फात दीड अंश जास्त दाखवले, म्हणून तो बाजूला ठेवला. बाकीचे एकमेकांपासून पाव अंशाच्या आत होते. सुरुवातीला आलेखात मधूनच ८५ अंशांचा उंच सुळका दिसायचा. वीज मिळाल्यावर पहिले माप पूर्ण होण्याआधी विचारणा केली तर हा सेन्सर ८५ हाच आकडा देतो; त्याला एक माप घ्यायला पाऊण सेकंद लागतो आणि तेवढा वेळ द्यावा लागतो. बोर्डाच्या कार्यक्रमात, म्हणजे प्रोग्रॅममध्ये, तशी सोय केल्यावर सुळके गेले.

मग घरभर मोजमाप सुरू झाले. एक सेन्सर ओट्यावर, एक फ्रीजच्या वर, एक देवघराशेजारच्या कपाटात, एक खिडकीच्या कट्ट्यावर आणि एक गॅसच्या शेगडीखालच्या बंद खणात ठेवला. गणपतीपासून संक्रांतीपर्यंतच्या या नोंदी वाचताना मला जो आनंद झाला तो इथे पूर्ण सांगता येणार नाही, कारण रोजच्या सवयीचे घर त्या आलेखांतून नव्याने ओळखीचे झाले. पावसाळ्यात ओट्यावरचे तापमान रात्रभर २७ ते २९ अंशांत स्थिर राहते. म्हणूनच श्रावणात आणि गणपतीत पीठ नेहमी नीट येते. ऑक्टोबरात दुपारी तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि वरच्या मजल्यावरचे आमचे स्वयंपाकघर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरापेक्षा दोन अंशांनी गरम असते. काकूंनी एक सेन्सर त्यांच्याकडे ठेवू दिला म्हणून हे कळले. जानेवारीत खिडकीचा कट्टा पहाटे १९ अंशांवर येतो, तर फ्रीजच्या वरची जागा २४च्या खाली जात नाही. थंडीत आई पिठाचे भांडे फ्रीजवर का ठेवते, हे तिने कधी अंशांत सांगितले नव्हते, पण आलेखाने तिच्या निवडीला दुजोरा दिला. तरीही २४ अंश पुरत नव्हते.

ते का पुरत नाहीत, हे पिठातल्या जिवाणूंकडे पाहिले की समजते. डाळ-तांदळाच्या पिठात विरजण घालावे लागत नाही, कारण आंबवणारे जिवाणू डाळीच्या दाण्यासोबतच आलेले असतात. त्यांतला ल्यूकोनॉस्टॉक मेसेन्टेरॉइडिस हा सुरुवातीला जोर धरतो, आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो, आणि उडदाच्या चिकट पिठात तो वायू अडकून पीठ फुगते. नंतर अधिक आम्ल सोसणारे जिवाणू पुढे येतात आणि आंबटपणा वाढतो. तापमान कमी असले की सगळेच मंदावते. ते फार वाढले की आम्ल भराभर तयार होते, फुगवटा टिकत नाही, आणि पीठ आंबट होऊनही हलके होत नाही. माझ्या नोंदींवरून ३० अंश हे आमच्या पिठाला सर्वांत मानवणारे तापमान ठरले: तिथे ते आठ ते दहा तासांत पूर्ण वर येते आणि वासाला गोडसर-आंबट राहते. २४ अंशांना त्याच पिठाला दुपार उजाडते.

मग पीठ रात्रभर ३० अंशांवर धरून ठेवणारी एक पेटी बनवायचे ठरवले, आणि तिच्यासाठी मला थर्मोकोलचा जाड खोका हवा होता. थंड राखायची औषधे ज्या खोक्यांतून येतात, तसा एक रिकामा खोका ओळखीच्या औषधवाल्याने दिला. भिंत अडीच सेंटिमीटर जाड, झाकण घट्ट, आणि आत कसलाही वास नाही. त्याच्या सर्व बाजू मिळून क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर होते. थर्मोकोलची उष्णतावहनाची क्षमता लक्षात घेतली, तर बाहेर २२ आणि आत ३० अंश ठेवण्यासाठी भिंतींमधून जाणारी उष्णता पाच-सहा वॅटच भरते. म्हणजे वीस वॅटचे पॅड भरपूर झाले. मात्र पीठ गरम करायलाही उष्णता लागते. दोन किलो पीठ २४ वरून ३० अंशांवर न्यायला सुमारे ४२ किलोज्यूल लागतात, आणि भिंतींची गळती वजा जाता उरलेल्या चौदा-पंधरा वॅटमध्ये कागदावर ते पाऊण तासात व्हायला हवे. प्रत्यक्षात हवेतून भांड्यात आणि भांड्यातून पिठात उष्णता फार सावकाश शिरते, त्यामुळे दोन तासांहून अधिक वेळ लागतो. या हिशेबातून एक उपयोगी गोष्ट हाती आली. मिक्सरमध्ये वाटलेले पीठ घर्षणाने आधीच पाच-सहा अंशांनी गरम झालेले असते. म्हणून थंडीत वाटताना बर्फाचे पाणी न वापरता साधेच पाणी वापरले की हे दोन तास वाचतात. उन्हाळ्यात नेमके उलट करायचे.

२३० व्होल्टचा दिवा किंवा कॉइल पेटीत ठेवायची नाही, हे मी पहिल्यापासून ठरवले होते. स्वयंपाकघरात ओले हात आणि वाफ असते, थर्मोकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि ही पेटी रात्री सगळे झोपलेले असताना चालणार होती. त्यामुळे बाहेर चांगल्या प्रतीचा बारा व्होल्टचा अडॅप्टर, आत ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चिकटवलेले पॅड, आणि पॅडच्या तारेतच तो ७३ अंशांचा थर्मल फ्यूज. बोर्ड बंद पडला, कार्यक्रम अडकला किंवा मॉस्फेट जळून कायमचा चालू राहिला, तरी फ्यूज तुटतो आणि पॅड थंड होते. असे काही करू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझा आग्रह आहे, की सगळ्यात आधी हा काही रुपयांचा भाग बसवावा आणि मगच बाकीचे जोडकाम हाती घ्यावे.

प्रोब पिठात घालायचा नव्हता. म्हणून पिठाच्या भांड्याशेजारी पाणी भरलेली काचेची छोटी बाटली ठेवली आणि प्रोब तिच्यात सोडला. बाटलीतले पाणी पिठाच्या जवळपास त्याच गतीने तापते की नाही हे स्वयंपाकाच्या थर्मामीटरने वेळोवेळी पिठात तपासून, बाटलीचा आकार तसा निवडला. दुसरा प्रोब हवेत टांगला. नियंत्रणात मुख्य अडचण ही, की हवा काही मिनिटांत तापते आणि पीठ तासाभराने. नुसते बाटलीकडे पाहून पॅड चालू-बंद केले तर पीठ ३० वर येईपर्यंत हवा ४५ला पोचेल आणि पॅड बंद झाल्यावरही पीठ तापतच राहील. यावर उपाय म्हणून दोन अटी एकत्र ठेवल्या. बाटली साडेएकोणतीसच्या खाली असेल तरच पॅड चालू करायचे, आणि ती कितीही थंड असली तरी हवा ३६च्या वर गेली की पॅड बंद करायचे. छोटा पंखा मंद गतीने सतत फिरत राहतो, त्यामुळे तळाशी गरम आणि वर थंड असे थर राहत नाहीत. हे सगळे ईएसपीहोममध्ये, म्हणजे ईएसपी३२ला सूचना देण्याच्या प्रणालीत, थोड्या ओळींत लिहून होते.

पहिल्यांदा पेटी लावली ती जानेवारीच्या एका शनिवारी रात्री. आईने विचारले, “सकाळी आंबोळ्या होतील ना? का पोहे भिजवून ठेवू?” मी म्हटले, “तू निजून घे, सकाळी बघू.” पहाटे खिडकीच्या कट्ट्यावर १८ अंश होते आणि बाटलीचा आलेख तीसच्या आसपास जवळजवळ आडव्या रेषेत चालला होता. सातला झाकण काढले तेव्हा पीठ भांड्याच्या काठापर्यंत आले होते, वरून घुमटासारखे फुगलेले, आणि कडेने बारीक बुडबुड्यांची जाळी काचेतून स्पष्ट दिसत होती. आईने डाव बुडवून पीठ उचलले, पुन्हा सोडले, कान देऊन बुडबुडे फुटण्याचा आवाज ऐकला आणि म्हणाली, “आलंय. हलवू नको आता.” तवा तापला, पहिली आंबोळी पसरली, आणि तिच्यावर एकाच वेळी सगळीकडे छिद्रे उमटली.

पीठ नेमके केव्हा तयार झाले हे झोपेतून न उठता कळावे, यासाठी पुढे झाकणात व्हीएल५३एल०एक्स हा अंतर मोजणारा सेन्सर बसवला. तो डोळ्यांना न दिसणारा लेसर सोडून परत येणाऱ्या प्रकाशाच्या वेळेवरून अंतर काढतो. पीठ जसे वर येते तसे अंतर कमी होत जाते, आणि त्याचा आलेख फार सुंदर निघतो: पहिले तीन-चार तास सपाट, मग वेगाने चढण, मग वळण, आणि थांबला नाहीत तर हळूहळू उतार. पहाटेच्या सुमारास मात्र माप उड्या मारू लागले, कारण पिठाची वाफ थंड झाकणाला लागून सेन्सरच्या काचेवर धुके धरत होती. झाकणाच्या आतल्या बाजूला फोमचा आणखी एक थर चिकटवला आणि पंख्याचा झोत तिकडून वळवला, तेव्हा धुके थांबले. आता आलेख वळणावर आला की पॅड बंद होते आणि माझ्या फोनवर निरोप येतो.

फुगणे आणि आंबणे या दोन गोष्टी नेहमी बरोबरीने चालत नाहीत, हे तपासायला पीएच दाखवणाऱ्या कागदाच्या पट्ट्या लागल्या; पीएचचा आकडा जितका कमी तितके पीठ आंबट. त्या प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे शामलदास गांधी मार्गावर, प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. ताजे वाटलेले पीठ सहाच्या आसपास असते. आम्हाला जी चव आवडते ती साडेचारच्या जरा वर येते. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेले पीठ पुरते फुगायच्या आधीच त्याच्याही खाली गेलेले दिसले. त्याच फेरीत तांबाकाट्याला जाऊन उभट आकाराचे, जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे स्टीलचे भांडे घेतले, कारण पसरट पातेल्यात पिठाची उंची कमी भरते आणि लेसरचे माप तितके नेमके येत नाही. परतताना माटुंग्याला उतरून इडलीसाठी तांदूळ घेतला. पूर्वेकडच्या बाजारात दाक्षिणात्य वाण्यांकडे तो वेगवेगळ्या प्रतींचा मिळतो, आणि कोणता किती वेळ भिजवायचा हेही ते आवर्जून सांगतात.

उन्हाळ्याचा प्रश्न थंड करण्याचा होता. पेल्टियर नावाचे विजेवर थंड होणारे भाग मिळतात, पण ते जितकी उष्णता हलवतात त्याहून अधिक वीज खातात आणि त्यांची गरम बाजू बाहेर काढावी लागते, म्हणून तो विचार सोडला. साधा उपाय जमला. फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची एक बाटली कापडात गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात, भांड्यापासून लांब ठेवायची. ती पेटीला तीसच्या खाली ओढते आणि पॅड लागेल तेवढेच चालून तापमान तीसवर धरते. स्वयंपाकघर रात्री ३२ अंश असताना या जोडीने पीठ सकाळपर्यंत सांभाळले. बर्फ वितळायला पेटीच्या आत बराच वेळ लागतो, त्यामुळे मध्यरात्री उठावे लागत नाही. थंडीतल्या रात्री पॅड सरासरी अर्धा वेळ चालते, म्हणजे दहा तासांत युनिटचा सुमारे दहावा हिस्सा वीज लागते.

पेटी तयार झाल्यावर दही लावणे ओघाने आलेच. दूध ८५ अंशांपर्यंत तापवून थोडा वेळ तिथे धरले की त्यातली पाण्यात विरघळलेली प्रथिने उलगडतात आणि दही घट्ट लागते. मग ते ४० अंशांवर उतरवून विरजण घालायचे. घरचे विरजण पिढ्यान्‌पिढ्या खोलीच्या तापमानाला वाढलेले असते, आणि ३० ते ३२ अंशांवर त्याचे दही सौम्य व एकसंध लागते. बाजारच्या योगर्टच्या विरजणात उष्णता मानणारे जिवाणू असतात. त्याला ४२ अंशांच्या आसपास ठेवले की काही तासांतच ते लागते. दोन्ही शेजारी शेजारी लावून चव पाहिल्यावर आईने घरचेच पसंत केले, आणि माझेही मत तेच आहे. कढीसाठी मात्र दुसरे चांगले.

खालच्या काकूंना पेटी नको होती. त्यांना हवी होती ती फक्त माहिती: “माझ्याकडे कुठे ठेवू, तेवढं सांग.” त्यांच्या घरच्या नोंदी पाहून मी त्यांना शेगडीखालचा बंद खण सुचवला. रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर तो २८ अंशांच्या जवळ असतो आणि दार लावून ठेवले तर पहाटेपर्यंत पंचविसाच्या खाली उतरत नाही. सोबत गरम पाण्याची एक बाटली ठेवली की पीठ सकाळी आठपर्यंत येते. ज्यांना वायरी आणि बोर्ड यांत रस नाही त्यांनीही एक साधा खोलीचा थर्मामीटर घेऊन आपल्या घरातल्या चार-पाच जागा आठवडाभर रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर पाहाव्यात, असे मी आता सगळ्यांना सांगतो. २८ ते ३० अंशांची जागा सापडली, तर तिथे भांडे ठेवावे. ती पंचविसाची असेल, तर तासांत तीन-चार तासांची भर घालावी आणि नाश्त्याऐवजी जेवणाला आंबोळी करावी.

सध्या पेटीत नाचणीच्या आंबिलीचे काम चालू आहे. नाचणीचे पीठ पाण्यात कालवून ठेवले तर ते फुगत नाही, नुसते आंबते, त्यामुळे वरून अंतर मोजून काहीच कळत नाही आणि पीएचच्या पट्ट्यांवरच भिस्त ठेवावी लागते. २८ आणि ३२ अंशांना ठेवलेल्या दोन बरण्यांच्या चवीत स्पष्ट फरक आहे. आईला २८ची आवडते, मला अजून ३०ची करून पाहायची आहे, आणि त्यासाठी लागणारी नाचणी पुढच्या आठवड्यात मामा गावाहून आणणार आहे.